शेपटाकडचा पहारा

त्या मंगळवारी ऑफिसात आगीची घंटा उगाचच वाजली, सगळ्यांना खाली रस्त्यावर काढलं, आणि पुन्हा वर जायचा कंटाळा आला म्हणून मृणालिनी लॅपटॉप खांद्याला अडकवून दुपारच्या डार्ट लोकलनं डब्लिनहून डून लेरीला परत आली. आपल्या किल्लीनं तिनं घराचं दार उघडलं. खालच्या पॅसेजमध्ये इराची शाळेची बॅग पडलेली होती, एक बूट उलटा, एक सुलटा. "इरा," तिनं हाक मारली. मग उत्तर आलं ते भलतीकडूनच, जिन्याखालच्या बंद कपाटातून, घोंगडीत गुंडाळल्यासारखं: "आय'म ग्रँड, आई! डोन्ट ओपन द प्रेस!" कपाटाला 'प्रेस' म्हणायला ती इथल्या शाळेत शिकली होती. आणि त्या कपाटासमोर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून घरमालक मिस्टर टियरनी बसले होते. त्र्याण्णव वर्षांचा माणूस, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. तिला पाहून ते दचकले नाहीत, उठलेही नाहीत. "छान चाललंय तिचं," ते म्हणाले. "आता तिला दिसायला लागलंय." मृणालिनीनं पुढे होऊन कडी ओढली. आत व्हॅक्यूम क्लीनर, छत्र्या, जुने कोट, आणि त्यांच्या मधोमध खोक्यावर बसलेली तिची नऊ वर्षांची मुलगी, उजेडानं डोळे मिचकावत, नाराज. "यू रुइन्ड इट," इरा म्हणाली. मृणालिनीनं तिचा दंड धरला आणि तिला जिना चढवत वर नेलं. मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र तिला वर पोचेपर्यंत आला नाही. म्हणजे तो माणूस तिथेच बसून होता.

वर आल्यावर तिनं मुलीला काय विचारलं आणि कसं विचारलं, हे तिला नंतर नीटसं आठवेना. एवढंच आठवत राहिलं की आपला आवाज फार गोड निघत होता, ऑफिसात ज्याचा दावा खोटा असल्याची खात्री पटलेली असते त्याच्याशी फोनवर बोलताना निघतो तसा. तिचं कामच ते होतं. एका विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून काढायचे. हजार दाव्यांत एखादा असा असतो की त्यात सगळं बरोबर असतं, जरा जास्तच बरोबर; तिथे तिचं बोट थांबायचं. इरा म्हणाली, ते फक्त अंधारात कसं बघायचं ते शिकवतात. सरळ बघायचं नाही, बाजूला बघायचं, म्हणजे वस्तू आपोआप दिसते. हात लावतात का? नो. दार बाहेरून बंद कोण करतं? मी सांगते तेव्हा ते करतात. हे किती दिवस चाललंय? मला का नाही सांगितलंस? इरानं आईकडे पाहिलं आणि खांदे उडवले. "यू नेव्हर आस्क्ड." मग युनिफॉर्म धुवायला टाकताना मृणालिनीच्या हाताला स्वेटरच्या खिशात काहीतरी गार लागलं. लंबगोल चांदीचं पदक, जांभळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या फितीला लटकलेलं. "ही गेव्ह मी अ लेंड ऑफ इट," इरा घाईनं म्हणाली. "फॉर बीइंग ब्रेव्ह." पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली होती. मृणालिनीनं ते खिडकीशी धरलं. सार्जंट डी. लेसी. टियरनी नव्हे. लेसी.

तिचा नवरा शैलेंद्र आयर्लंडच्या पार उत्तरेला, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि एका आड एक शनिवारी गाडी हाकत यायचा. मृणालिनीची नोकरी डब्लिनमध्ये, म्हणून ती आणि इरा इथे. हे वरच्या मजल्याचं घर मिळालं तेव्हा सगळं फारच सोपं झालं होतं. शाळा सुटल्यापासून मृणालिनी घरी येईपर्यंतचा मधला वेळ इरानं कुठे काढायचा, हा प्रश्न टियरनींनी आपण होऊन सोडवला. राहू दे की माझ्याकडे, मी कुठे जाणाराय, ते म्हणाले होते. ब्लँचर्डस्टाउनच्या गणपतीत तिची मैत्रीण तन्वी हे ऐकून म्हणाली होती, "एवढं चांगलं कोणी उगाच वागतं का गं?" तेव्हा मृणालिनी हसली होती. आता ते वाक्य घरात येऊन बसलं, आणि त्याच्या आजूबाजूला एकेक गोष्ट गोळा व्हायला लागली. हा माणूस कायम मागच्या खिडकीशी बसतो. समोर समुद्र आहे, बोटी आहेत, माणसं हिंडताहेत. आणि हा तोंड करून बसतो ते मागच्या गल्लीकडे, कचऱ्याच्या डब्यांकडे. शैलेंद्रच्या गाडीचं टायर बदललेलं याला पहिल्यांदा कळलं. मागच्या भिंतीवरून कोणीतरी डोकावून गेल्याचं यानंच सांगितलं. याला कसं कळतं? आणि बोलताना तो कधी तुमच्या डोळ्यांत बघत नाही, तुमच्या कानाच्या थोडं पलीकडे बघतो. दोन्ही गालांवर, डोळ्यांखाली, तपकिरी चट्टे. ती इतके दिवस त्यांना म्हातारपणाचे डाग समजत होती. आता तेही डाग नुसते डाग राहिले नाहीत.

फोनवर शैलेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. मागे कुणाचं तरी मॉनिटर टिकटिकत होतं. "पोरगी ठीक आहे ना?" त्यानं विचारलं. "तिला विचारलंस ना नीट? मग झालं." "झालं कसं? पदकावर दुसऱ्याचं नाव आहे." "असेल भावाचं, बापाचं. मृणाल, तुला ना..." आणि तो थांबला. पुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. तुला ना, सगळ्यांचाच संशय येतो. त्याच्या मागची टिकटिक तिनं नेहमीसारखी लक्ष देऊन ऐकली, आणि ती खरंच हॉस्पिटलातलीच आहे ना, हा विचार नेहमीसारखाच येऊन गेला.

संशय कुठून येतो हे तिला ठाऊक होतं. नागपूरला तिचे बाबा, पद्माकर सर, शाळेचे मुख्याध्यापक होते. एका मार्चमध्ये बोर्डाचा गणिताचा पेपर आदल्या दिवशीच बाहेर आला. पेपरचं सीलबंद पाकीट त्यांच्याच कपाटात होतं. चौकशी बसली, रेंगाळली, आणि शेवटी पुराव्याअभावी त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं. पुराव्याअभावी. त्या एका शब्दानं घरात जन्मभर मुक्काम केला. बाबा पूर्वीसारखेच शाळेत जात, पूर्वीसारखेच पेपर वाचत. फक्त आई त्यांना वाढताना, पळी हातात असताना, क्षणभर त्यांच्याकडे बघायची. रागानं नाही. नुसतं बघायची. एकदा बाबांनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "नंदा, तुला काय वाटतं?" कशाबद्दल हे त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. आई म्हणाली, "मला काय वाटायचंय? जेवा तुम्ही." उन्हाळा होता, कूलरच्या वाळ्याचा ओला वास होता, आणि समोर बसलेल्या मृणालिनीला वाटलं की बाबा आता ताट सारून उठतील. ते जेवले. पुन्हा भात मागून घेतला. तो घास गिळतानाचा त्यांचा गळा तिला अजून दिसायचा, डार्टमध्ये, मीटिंगमध्ये, कुठेही.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून काम करते असं कळवलं आणि प्रत्यक्षात दुसरंच काम केलं. लेसी सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश राजपत्राच्या एका पानावर, बऱ्याच नावांच्या गर्दीत: सार्जंट डी. लेसी, बॉम्बर विमानाचा मागचा गनर, शौर्यपदक. म्हणजे लेसी होता. प्रश्न एवढाच की त्याचं पदक या माणसाच्या घरात कसं आलं. चोरून? जुन्या बाजारातून? एखाद्या मेलेल्या मित्राच्या पेटीतून? खोटा दावा असाच असतो. आत कुठेतरी खरी वस्तू असते आणि तिच्याभोवती बाकीचं रचलेलं असतं. तिनं टियरनींच्या भाचीला, ओर्लाला, फोन लावला. घरभाड्याचं सगळं तीच बघायची. कपाटाचं ऐकताच ओर्लाचा आवाज जरा जास्तच सहानुभूतीचा झाला. "युद्ध? कुठलं युद्ध? तो काही वर्षं इंग्लंडात होता, बांधकामावर. त्याआधी आपल्या आयरिश सैन्यातून पळाला होता, एवढं घरात कुजबुजताना ऐकलंय. डोकं गेलंय गं त्याचं. मी कधीची म्हणतेय, त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायला हवं. तू सांगितलंस ते बरं केलंस. गुरुवारी नर्सला घेऊन येते. तू फक्त तिला हेच सांग." फोन ठेवल्यावर मृणालिनीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ओर्लाला ही बातमी ऐकून धक्का बसला नव्हता; तिला ती हवी होती. आणि मग तिला ओर्लाचाही संशय यायला लागला.

पदक परत करायला ती संध्याकाळ व्हायच्या आत खाली गेली. इराला वर टीव्हीपुढे बसवून. टियरनी मागच्या खिडकीशी होते. तिनं पदक टेबलावर ठेवलं आणि बसली नाही. "हे लेसीचं आहे," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "लेसी मीच."

ती थांबून राहिली. खोटं बोलणारा माणूस शांतता भरून काढतो, हा तिचा अनुभव होता. टियरनींनी ती भरली नाही. बाहेर एक मांजर भिंतीवरून चाललं होतं, ते भिंत संपेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या थोडं बाजूला, पाहिलं. मग तिनंच विचारलं, "तुमचं नाव टियरनी आहे."

"लेसी आईचं माहेरचं. मी इथल्या सैन्यात होतो. आयर्लंड युद्धात नव्हतं. आम्ही जळणासाठी पीट खणायचो, मेंढ्यांवर पहारा करायचो. एक दिवस रजेवर निघालो, बेलफास्टची गाडी धरली आणि आईचं आडनाव सांगून इंग्रजांच्या हवाई दलात भरती झालो. पळून आलेला म्हणून पकडून परत पाठवतील, ही भीती. तत्त्व वगैरे काही नव्हतं, खोटं कशाला सांगू. मला उडायचं होतं. त्यांनी मला शेपटात बसवलं."

आणि मग ते बोलत गेले. हळू, मधूनच थांबत, आवाज न चढवता. विमानात सात जण. सहा पुढे, एकमेकांच्या जवळ, आणि सातवा पार मागे, काचेच्या एका फिरत्या खोबणीत, चार बंदुकांमागे, पाठीमागची दारं लावून घेऊन. बाकीचे कुठे चाललोय ते बघायचे, तो मात्र कुठून आलो ते. एवढी थंडी की मुखवट्यात श्वास गोठायचा. समोरची काच त्यांनी काढूनच टाकली होती, कारण काचेवरचा डाग आणि अंधारातलं लढाऊ विमान यांत फरक करता करता माणूस मरतो. "हे तिथलं," त्यांनी गालाला हात लावला. "मुखवटा संपतो ना, तिथलं." बंदूक फार क्वचित चालवायची. काम होतं ते बघण्याचं. रात्रभर खोबण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत अंधाराचा संशय घ्यायचा. सरळ रोखून पाहिलं की काळोखात काही दिसत नाही. नजर जरा बाजूला ठेवायची, मग कडेला सावली हलते. उड्डाणाआधी त्यांना काळोख्या खोलीत बसवून ठेवायचे, डोळे तयार व्हावेत म्हणून. "तुझ्या पोरीला अंधाराची भीती वाटते. तिनंच विचारलं, तुम्हाला वाटायची का. मी म्हटलं, वाटायची, पण बसता येतं." एक टूर, म्हणजे तीस मोहिमा, पुरी झाली, बहुतेकांची होत नसे, आणि ते दुसऱ्या टूरवर आपणहून गेले. बर्लिनहून परतताना एका रात्री ऊब देणाऱ्या कपड्यांतली वीज बंद पडली, उजवा हात लाकूड झाला, आणि मागे, खालच्या अंगाला, त्यांना काहीतरी असल्यासारखं वाटलं. दिसलं नाही. वाटलं. "मी ओरडलो, डावीकडे, खाली! आणि पायलटनं तेवढ्यात विमान तसंच्या तसं खाली घातलं. यॉर्कशायरचा पोरगा, विसाचासुद्धा नसेल. गोळ्या आम्ही जिथे होतो तिथून गेल्या. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मला तो जर्मन दिसला, आणि मी डाव्या हातानं बंदूक चालवली. तो पेटला. उतरल्यावर मला त्या खोबणीतून दोघांनी उपटून काढलं. पदक त्याबद्दलचं. पण मला पदकाचं काही वाटत नाही." ते थांबले. "त्या पोरानं मला एकदाही विचारलं नाही, नक्की का? विचारलं असतं तर उत्तर द्यायला मी उरलो नसतो. मी खोट्या नावाचा माणूस, आणि सहा जण माझ्या एका शब्दावर उलटेपालटे व्हायचे."

मृणालिनी केव्हा बसली हे तिला कळलं नव्हतं. "परत आल्यावर?" तिनं विचारलं.

"परत आल्यावर मी टियरनी. पळपुट्यांच्या यादीतला टियरनी. सरकारी नोकरी बंद. निम्म्या गावाला मी पळपुटा, निम्म्या गावाला इंग्रजांचा नोकर. कुणाला सांगणार? पदकावर भलत्याचंच नाव. बेकरीची गाडी चालवली जन्मभर. परवा, दोन वर्षांमागे, सरकारनं आम्हाला माफ केलं म्हणे. तोवर माफ करून घ्यायला फारसं कोणी उरलं नव्हतं."

"बायकोला?"

"सांगितलं होतं. लग्नाआधीच." ते पहिल्यांदा हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "ती म्हणाली, 'असेल.' चांगली बाई होती ती, मिना. त्या 'असेल'बरोबर मी सगळा संसार केला."

मृणालिनी हे नाव त्यांना कधी जमलं नाही. ते तिला मिना म्हणायचे. तिनं विचारायचं ठरवलं नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं: "तुम्ही लेसी आहात हे सांगू शकेल असं कुणी आहे?" विचारताच तिला आपला आवाज ऐकू आला, तोच, गोड. टियरनींनी मान हलवली. पायलट गेला, बाकीचे गेले. फोटोत सातही जणांनी टोप्या डोळ्यांवर ओढलेल्या. "तू शोधलंस ना माझं नाव?" ते म्हणाले. "मीही शोधलं असतं." त्यात राग नव्हता, तेच तिला सहन झालं नाही. ती वर आली. शैलेंद्रला फोन करून तिनं गालावरच्या चट्ट्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, हिमदंशाचे असू शकतात, नुसते वयाचेही असू शकतात. आता सांगता येणार नाही. म्हणजे इथेही तेच. पुराव्याअभावी.

गुरुवारी ओर्ला नर्सला घेऊन आली. टियरनींनी कोट-टाय चढवला होता आणि टाय थोडा वाकडा होता. तो सरळ करावासा मृणालिनीला वाटला, पण ती हललीही नाही. ओर्लानं केटल लावली, स्वतःच्या घरात लावावी तशी. नर्स मध्यमवयीन, भली बाई होती. तिनं म्हाताऱ्याला आजचा वार विचारला, औषधं विचारली, आणि मग मृणालिनीकडे वळली. "तुम्हाला काही काळजी वाटली होती म्हणे. मुलीच्या बाबतीत."

मृणालिनीला समोर दिसत होतं ते सगळं वेगवेगळं दिसत होतं. ओर्लाच्या हातातला चमचा. खिडकीतलं मांजर. गुडघ्यांवरचे ते दोन जुने हात. आत कुठेतरी तिचं यंत्र चालूच होतं: गोष्ट फार चांगली जुळतेय, जरा जास्तच चांगली, राजपत्र कुणालाही वाचता येतं, चट्टे कुणालाही असतात. आणि त्याच वेळी पळी हातात धरून उभी असलेली आई, आणि ताटावरून वर झालेली बाबांची मान. टियरनी तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या कानाच्या पलीकडे बघत होते, आणि म्हणजे तिच्याकडेच बघत होते.

"मी लवकर आले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "अचानक पाहिलं म्हणून घाबरले. मुलगी अंधाराला भ्यायची, ते तिला शिकवत होते. माझी काही तक्रार नाही."

"पण फोनवर तू मला सांगितलंस..." ओर्लाचा चमचा थांबला.

"हो, सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं."

नर्सनं तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही मुलीला पुन्हा त्यांच्याकडे सोडाल?"

"आजच सोडणार आहे," मृणालिनी म्हणाली. आवाज गोड निघाला नाही. खरखरीत निघाला. नर्सनं काहीतरी लिहिलं, टियरनींना ब्लड प्रेशरची गोळी विसरू नका म्हणून बजावलं, आणि निघाली. ओर्ला तिच्या मागोमाग गेली, दारात थांबून म्हणाली, "तुला काय वाटतं, तू त्याच्यावर उपकार केलेस? हिवाळ्यात तो जिन्यात पडला की मला फोन करू नकोस." तेही खरं असण्यासारखं होतं.

दार लागल्यावर टियरनी टाय सोडत म्हणाले, "तुझी खात्री नव्हती."

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या हिशेबी, सरळ उत्तराला हलवावी, आणि टाय खुर्चीच्या पाठीवर टाकला.

शाळेतून आल्यावर इरानं पाय आपटले. पाऊस नाहीये, आज समुद्रात गेलेल्या पिअरवर जायचं, दिव्याच्या टोकापर्यंत, आणि मिस्टर टियरनींनाच घेऊन जायचं, कारण आई फार घाईनं चालते. टियरनींनी टोपी घातली. मृणालिनी "सावकाश जा" एवढंच म्हणाली. ती दोघं फाटकातून बाहेर पडली. म्हातारा काठी टेकत, इरा त्याच्या पुढे उलटी चालत, हातवारे करत काहीतरी सांगत. कोपऱ्यावर लाल जॅकेट क्षणभर दिसलं आणि भिंतीआड गेलं. वर जाऊन तिनं लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर कुणाचा तरी मोडलेला हात होता, त्याचे फोटो होते. ते तिला दिसले नाहीत. पिअर केवढा लांब आहे. पाण्याच्या बाजूला कठडा नाही. कोपऱ्यावरून उजवीकडे वळले की डावीकडे, हे आपण पाहिलंच नाही. ती उठली, जिना उतरली, शेवटच्या पायरीवर बसून एका पायात बूट घातला, नाडी बांधली, आणि दुसरा हातात घेतला. हातातच राहिला. बाहेर सीगल लोकांच्या डोक्यावरून ओरडत गेले. एक गाडी थांबली, निघाली. शेजारी कुणीतरी डबा ढकलत नेला. तिच्या छातीत काहीतरी सतत डावी-उजवीकडे फिरत होतं. मनातल्या मनात ती कितीदा तरी त्यांच्या मागे धावत गेली. पायरीवरून मात्र हलली नाही.

केव्हातरी किल्ली फिरली. आधी वारा आत आला, मग इरा. गाल लालबुंद, नाक वाहतंय, हातात कुठली तरी शिंपली. तिच्यामागे टियरनी, धापा टाकत, चौकटीला धरून. इरानं आईकडे, तिच्या पायांकडे पाहिलं.

"आई, व्हेअर आर यू गोइंग?"

"कुठे नाही," मृणालिनी म्हणाली, आणि तो एक बूट काढायला खाली वाकली.